ए-लेव्हल फाइन आर्ट: इंग्लंडच्या सिक्स्थ फॉर्ममधली दोन वर्षं कशी वापरावीत

महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या पालकांना चित्रकलेची परीक्षा म्हटलं की एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट आठवतात. ठरलेल्या वेळात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र काढायचं, कागद जमा करायचा आणि काही महिन्यांनी ग्रेड हातात. इंग्लंडमध्ये वाढलेली मुलगी सोळाव्या वर्षी सिक्स्थ फॉर्म कॉलेजात, म्हणजे शाळा आणि विद्यापीठ यांच्या मधल्या दोन वर्षांत, ए-लेव्हलला (तिथल्या बारावीच्या तोडीच्या परीक्षेला) फाइन आर्ट घेते, तेव्हा घरच्यांच्या मनात हेच चित्र असतं आणि तिथूनच गैरसमज सुरू होतात. इथे परीक्षेच्या तासांत काढलेलं चित्र हा निकालाचा लहानसा भाग आहे. दोन वर्षांत तुम्ही काय पाहिलं, काय करून बघितलं, त्यातलं काय सोडून दिलं आणि कशासाठी, हे कागदावर दिसलं तरच गुण मिळतात. हात उत्तम आहे पण वाटेतलं काहीच जपून ठेवलं नाही, अशा विद्यार्थ्याचा निकाल त्याच्या हाताला न शोभणारा लागतो. पुढे जे सांगितलं आहे ते सगळं या एका गोष्टीला धरून आहे.

हे सारं इंग्लंडमधल्या ए-लेव्हलबद्दल आहे. स्कॉटलंडची हायर परीक्षा वेगळी असते, ती इथे घेतलेली नाही.

विषय घेण्याआधी

बहुतेक कॉलेजं जीसीएसईचे, म्हणजे सोळाव्या वर्षी होणाऱ्या शालान्त परीक्षेचे, निदान पाच विषय ४ किंवा त्याहून वरच्या ग्रेडने मागतात, आणि आर्टमध्ये ५ किंवा ६. जीसीएसईला आर्ट घेतला नसेल तरी दार बंद होत नाही. अनेक ठिकाणी पोर्टफोलिओ पाहून प्रवेश देतात. अशा वेळी इंटरनेटवरच्या फोटोंवरून केलेली गुळगुळीत पेन्सिल-पोर्ट्रेटं घेऊन जाऊ नका. स्वयंपाकघरातली भांडी, बसमधले प्रवासी, झोपलेला भाऊ असं समोर बसून काढलेलं काम न्या, मग ते ओबडधोबड असलं तरी चालेल. मुलाखत घेणाऱ्या शिक्षकाला तुमची नजर बघायची असते.

अर्ज करताना विषयाचं नाव नीट वाचा. ‘आर्ट अँड डिझाइन’ या एका छत्राखाली फाइन आर्ट, ग्राफिक कम्युनिकेशन, टेक्स्टाइल डिझाइन, थ्री-डायमेन्शनल डिझाइन, फोटोग्राफी आणि सगळ्यांचं मिश्रण असलेला आर्ट, क्राफ्ट अँड डिझाइन असे वेगवेगळे पर्याय असतात. फाइन आर्टमध्ये रेखाटन, रंगकाम, छापचित्रण, शिल्प, इन्स्टॉलेशन (मांडणशिल्प), चलत्‌चित्र हे सगळं बसतं. तेव्हा ‘मला फक्त ऑइल पेंटिंग करायचंय’ म्हणून हा विषय घेतलात, तर पहिल्या वर्षी शिक्षक तुम्हाला बरंच इकडेतिकडे फिरवतील याची तयारी ठेवा.

घरातली चर्चा बहुधा दोन मुद्द्यांवर अडते. पहिला, या विषयाला किंमत आहे का. विद्यापीठ प्रवेशाच्या यूकॅस गुणांमध्ये आर्टचा ए स्टार (सर्वांत वरची ग्रेड) ५६ गुणांचा असतो आणि फिजिक्सचा ए स्टारही ५६ गुणांचाच. आर्किटेक्चरला जाणाऱ्यांना तर पोर्टफोलिओमुळे याचा थेट उपयोग होतो. मेडिसिनला जायचं असेल, तर केमिस्ट्री आणि बायॉलॉजीच्या जोडीला तिसरा विषय म्हणून आर्ट बऱ्याच विद्यापीठांना चालतो. हव्या त्या विद्यापीठाची अट मात्र स्वतः वाचून घ्या. दुसरा मुद्दा वेळेचा, आणि तो अगदी खरा आहे. ए-लेव्हलच्या प्रत्येक विषयाला दोन वर्षांत मिळून ३६० तासांचं अध्यापन धरलेलं असतं, म्हणजे आठवड्याला साधारण पाच तास. फाइन आर्टला त्याच्या बाहेर जवळजवळ तेवढेच तास स्टुडिओत किंवा घरी द्यावे लागतात, आणि ते दर आठवड्याला. इतर विषयांत परीक्षेआधी महिनाभर रात्री जागून भरपाई करता येते, इथे ती सोय नाही. म्हणून दोन निबंधप्रधान विषयांबरोबर आर्ट घेणाऱ्याने आपलं वेळापत्रक डोळे उघडे ठेवून आखावं.

सरकारी कॉलेजात या वयाला फी नसते, पण साहित्यासाठी थोडी रक्कम मागितली जाऊ शकते. घरची परिस्थिती ओढाताणीची असेल तर १६ ते १९ बर्सरी फंडाबद्दल कॉलेजच्या विद्यार्थी कार्यालयात विचारा. त्यातून साहित्य आणि प्रवास यांचा खर्च निघू शकतो. विचारायला संकोच करण्यासारखं त्यात काही नाही, तो फंड याच कामासाठी आहे.

गुण कुठून येतात

दोन घटक असतात. पहिला ‘पर्सनल इन्व्हेस्टिगेशन’, म्हणजे स्वतः निवडलेल्या विषयाचा दीर्घ शोध. त्याला ६० टक्के. दुसरा परीक्षा मंडळाने दिलेल्या सूत्रावरचं काम, ‘एक्स्टर्नली सेट असाइनमेंट’. त्याला ४० टक्के. दोन्हींची तपासणी आधी तुमचे शिक्षक करतात, मग मंडळाचा मॉडरेटर नमुना तपासून गुण योग्य आहेत का ते ठरवतो. वेगळा लेखी पेपर नाही.

दोन्ही घटक चार कसोट्यांवर तपासले जातात आणि चारही कसोट्यांचं वजन सारखं, प्रत्येकी २५ टक्के. पहिली: इतर कलाकार आणि संदर्भ यांचा अभ्यास करून कल्पना पुढे नेणं. दुसरी: माध्यमं, साहित्य आणि तंत्रं वापरून पाहणं, त्यातून निवड करणं आणि काम सुधारत नेणं. तिसरी: जे पाहिलं, सुचलं, कळलं त्याची नोंद ठेवणं, म्हणजे मुख्यतः रेखाटन, आणि आपल्या कामाकडे चिकित्सक नजरेने बघणं. चौथी: हेतू पूर्ण करणारी, स्वतःची अशी अंतिम अभिव्यक्ती.

आता हिशेब करा. मोठ्या कॅनव्हासवरचं अंतिम चित्र प्रामुख्याने चौथ्या कसोटीचं उत्तर देतं. बाकी तीन कसोट्या स्केचबुकात, चाचणी-तुकड्यांत, रंगांच्या पट्ट्यांत आणि नोंदींत राहतात. कॉलेजकडून आपल्या मंडळाच्या गुणतक्त्याची प्रत पहिल्याच महिन्यात मागून घ्या. एक्यूए, पिअर्सन एडेक्सेल, ओसीआर, एड्युकास या परीक्षा मंडळांच्या तक्त्यांत शब्द थोडे वेगळे आहेत, कसोट्या त्याच. प्रत भिंतीवर लावा आणि दर सहामाहीला आपलं काम तिच्याशी ताडून पाहा.

पहिली टर्म: हात आणि नजर

सप्टेंबर ते डिसेंबर बहुतेक कॉलेजं कार्यशाळा घेतात: कोळसा, शाई, मोनोप्रिंट (एकच प्रत निघणारा छाप), ड्रायपॉइंट (पत्र्यावर सुईने कोरून घेतलेला छाप), ॲक्रिलिक, कधी माती किंवा तार. काहींना हे प्राथमिक वाटतं आणि ते आपल्या आवडत्या पद्धतीला चिकटून राहतात. तसं करू नका. आवडत नसलेलं माध्यम मुद्दाम जास्त वेळ वापरा. पेन्सिलीने बारीक काम करायची सवय असलेल्याने विलो चारकोल (विलोच्या काड्यांचा मऊ कोळसा) घेऊन ए-१ कागदावर खांद्यापासून हात फिरवून काढावं. तपशिलात लपायला जागा उरत नाही, आणि वस्तूंचं परस्परांतलं माप चुकलेलं लगेच दिसतं.

रेखाटनाचा रियाज रोज हवा. गायकाला जसा षड्‌ज, तसं चित्रकाराला हे. रोज २० मिनिटं पुरे, पण समोर खरी वस्तू हवी. तीन प्रकार आलटून पालटून करा. एक, कागदाकडे न बघता वस्तूची कडा सावकाश उतरवणं. दोन, वस्तू सोडून तिच्या भोवतीची रिकामी जागा काढणं. खुर्चीच्या पायांमधल्या पोकळ्या काढल्या की खुर्ची आपोआप बरोबर येते. तीन, पूर्ण कागद कोळशाने राखाडी करून घेऊन खोडरबराने उजेड काढणं. छायाप्रकाश समजायला या तिसऱ्यासारखा दुसरा सराव मला माहीत नाही. ज्यांनी एलिमेंटरी-इंटरमीजिएट दिल्या आहेत त्या पालकांना हे घरी मुलांबरोबर बसून करता येईल. वस्तुचित्राचा तो सराव इथे वाया जात नाही.

साहित्य थोडं पण बरं घ्या. १५० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन) आसपासच्या कार्ट्रिज कागदाचं ए-३ स्केचबुक, २बी ते ६बी पेन्सिली, विलो आणि कॉम्प्रेस्ड चारकोल, मळून वापरायचं पुट्टी रबर, इंडियन इंक आणि बुडवून लिहायचा टाक, ॲक्रिलिकचे सहा-सात मूळ रंग, दोन चपटे ब्रश, मास्किंग टेप. काळा रंग शक्यतो वर्षभर बाजूला ठेवा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळून येणारा गडद रंग सावल्यांत जिवंत दिसतो, आणि मिश्रण निळ्याकडे किंवा तपकिरीकडे झुकवता येतं. कोळसा पुसला जाऊ नये म्हणून मारायचा फिक्सेटिव्ह स्प्रे खोलीत वापरू नका, बाहेर किंवा हवा ओढून घेणाऱ्या पंख्याखालीच वापरा.

स्केचबुक

स्केचबुक सुंदर करण्याच्या नादात अनेक महिने जातात. प्रत्येक पानाला रंगीत पार्श्वभूमी, जाळलेल्या कडा, कोरलेली शीर्षकं. यातल्या कशालाच गुण नाहीत. पानावर काम, कामाच्या शेजारी दोन-चार ओळी, आणि पुढच्या पानावर त्या ओळींतून निघालेलं पुढचं काम, एवढंच हवं.

त्या ओळी कशा असाव्यात, हे नीट समजून घ्या. ‘मला हे चित्र आवडलं, रंग छान आहेत’ याचा उपयोग शून्य. ‘शाई कोरड्या कागदावर टाकली तेव्हा कडा कडक आली, कापडाचं वजन जाणवलं नाही, उद्या कागद आधी ओला करून बघणार’ असं लिहिलंत तर निरीक्षण, निष्कर्ष आणि पुढचं पाऊल तिन्ही आले. मग खरोखर दुसऱ्या दिवशी कागद ओला करून बघा आणि तो तुकडा तारखेसह शेजारी चिकटवा. बिघडलेले तुकडे फाडून फेकणं म्हणजे दुसऱ्या कसोटीचा पुरावा फेकणं. सगळं ठेवा. मोठ्या चित्रांचे आणि शिल्पांचे टप्प्याटप्प्याने फोटो घ्या, कारण वरून रंग दिल्यावर खालचा टप्पा कुणालाच दिसणार नाही.

नोंदी घरातल्या भाषेत सुचत असतील तर आधी मराठीत लिहा, मग शेजारी इंग्रजीत. मॉडरेटरला इंग्रजी मजकूर लागतो, पण पहिला विचार ज्या भाषेत येतो तिथे तो जास्त नेमका असतो.

विषय कसा निवडावा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. पर्सनल इन्व्हेस्टिगेशनचं काम बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षाच्या उत्तरार्धात सुरू होतं आणि दुसऱ्या वर्षाच्या जानेवारीअखेर थांबवतात. इतके महिने पुरेल असा विषय हवा, आणि मुलं नेमके उलटे विषय निवडतात: ‘ओळख’, ‘स्थलांतर’, ‘दोन संस्कृतींमधली मी’. भारतीय घरांतल्या मुलांकडून तर शिक्षकही कधी नकळत याचीच अपेक्षा करतात. परिणाम असा की अर्धा चेहरा साडीतला आणि अर्धा जीन्समधला, मागे ताजमहाल आणि बिग बेन. असं चित्र पाहून बघणाऱ्याला नवीन काहीही कळत नाही, कारण काढणाऱ्यानेही काही पाहिलेलं नसतं, फक्त आधी ठरवलेलं असतं.

त्याऐवजी डोळ्यांना दिसणारी, हाताला लागणारी, आठवड्यातून दोनदा तरी जवळ जाता येईल अशी गोष्ट घ्या. एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन दाखवतो.

समजा आजी सहा महिन्यांसाठी आल्या आहेत आणि त्या नऊवारी नेसतात. विषय ‘माझी आजी’ असा घेऊ नका, ‘परंपरा’ तर नकोच. विषय घ्या: कापडाला घडी पडते तेव्हा काय होतं. पहिला आठवडा फक्त आजीच्या हातांची रेखाटनं, निऱ्या घालत असतानाची. हात थांबत नाहीत, म्हणून प्रत्येक रेखाटनाला अर्धं मिनिट मिळतं. बोटं चुकतील, चुकू द्या. दुसऱ्या आठवड्यात साडी खुर्चीवर टाकून, एका बाजूने टेबललॅम्प लावून, लांब बसून काढलेला कोळशाचा अभ्यास. मग तीच घडी शाईत, मग फक्त दोन रंगांत. यानंतर छापचित्रण: ॲक्रिलिकच्या काचेवर शाई रोलरने पसरा, जुन्या सुती लुगड्याचा तुकडा त्यावर चुरगळून दाबा, उचला, आणि उरलेल्या ठशावर कागद ठेवून मोनोप्रिंट घ्या. कापडाची वीण आणि सुरकुती दोन्ही उतरतात. हे पाहिलं की पुढचे प्रश्न स्वतःहून येतात. घडी उलगडल्यावर राहणारी रेघ कशी दाखवायची? ट्रंकेत वर्षानुवर्षं घडी घातलेल्या साडीचा रंग त्या रेघेवर का विटतो? कागदालाच घडी घालून, त्यावर रंग देऊन, मग तो उलगडला तर?

आता बघा, आजी, स्थलांतर, घर सगळं यात आलंच आहे, एक अक्षरही न उच्चारता. कामाला दिशा आहे, तंत्रांना कारण आहे, आणि दर आठवड्याला काय करायचं हा प्रश्न पडत नाही. याच पद्धतीने तुमच्या घरातलं दुसरं काही घेता येईल: नाइट ड्यूटीहून आलेल्या आईचा युनिफॉर्म, दुकानाच्या मागच्या खोलीतले खोके, क्रिकेटच्या मैदानावरची लांब सावली. लंडनजवळ राहणाऱ्यांना डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीच्या दिवसांत बसून काढता येईल. १९३२ साली स्थापन झालेली ही संस्था आहे, तिथे तीन पिढ्या एका सभागृहात सापडतात. लोकांची रेखाटनं करताना आणि विशेषतः फोटो घेताना आधी परवानगी घ्या, आणि ती घेतल्याची नोंद स्केचबुकात ठेवा.

विषय पक्का करण्यापूर्वी एक कसोटी लावा. त्यावर वाचन न करता, फोटो न शोधता, फक्त समोर बघून दहा रेखाटनं होतात का? होत नसतील तर विषय अजून डोक्यात आहे, डोळ्यांसमोर आलेला नाही.

दुसऱ्या कलाकारांकडून काय घ्यायचं

पहिल्या कसोटीसाठी इतर कलाकारांचा अभ्यास लागतो. त्याची सगळ्यात वाईट तऱ्हा म्हणजे कलाकाराचं चरित्र एका पानावर उतरवणं आणि शेजारी त्याच्या चित्राची नक्कल चिकटवणं. जन्मतारीख लिहून गुण मिळत नाहीत. तुमच्या कामात एक अडचण आली आहे, ती दुसऱ्या कुणी कशी सोडवली हे बघायला त्या कलाकाराकडे जा.

घडीचंच उदाहरण पुढे नेऊ. लंडनच्या नॅशनल गॅलरीत सतराव्या शतकातल्या झुर्बारान या स्पॅनिश चित्रकाराचा ध्यानस्थ संत फ्रान्सिस आहे. त्याच्या जाड्याभरड्या झग्याच्या घड्या पाहा: कडा कुठे धारदार आहे आणि कुठे अंधारात विरते, हे पेन्सिलीने तिथे उभं राहून टिपा. त्याच गॅलरीत २००६ ते २००८ या काळात असोसिएट आर्टिस्ट असलेल्या स्कॉटिश चित्रकार ॲलिसन वॉट यांनी माणूस पूर्ण वगळून फक्त कापड मोठमोठ्या कॅनव्हासवर रंगवलं. माणूस नसूनही तिथे कुणीतरी असल्यासारखं का वाटतं, हा प्रश्न तुमच्या आजीच्या साडीलाही लागू आहे. तिसरं नाव मृणालिनी मुखर्जी, जन्म मुंबईतला, १९४९ सालचा. अंबाडी-तागाच्या जातीच्या दोरखंडाला गाठी मारून त्यांनी माणसाहून मोठी शिल्पं उभी केली. टेट या ब्रिटिश कला-संग्रहालयाच्या संग्रहात त्यांचं काम आहे. कापडाला सपाट चित्रातून बाहेर काढायचं असेल तर ही वाट.

मुलांनी एक युरोपीय आणि एक भारतीय कलाकार निवडावा असा कुठलाही नियम नाही. तरी आपल्याकडच्यांना ठाऊक असलेल्या काही वाटा इंग्लंडमध्ये खरोखर जवळ आहेत आणि त्या न वापरणं हा तोटा आहे. गोव्याच्या साळगावात १९२४ साली जन्मलेले फ्रान्सिस न्यूटन सोझा मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले, १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या संस्थापकांपैकी एक झाले आणि १९४९ मध्ये लंडनला आले. त्यांचं १९५९ चं ‘क्रुसिफिक्शन’ टेटच्या संग्रहात आहे. जाड काळी रेघ किती आक्रमक होऊ शकते हे शिकायला त्याच्यासारखं चित्र नाही. मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांनी कलेचं शिक्षण लंडनमध्ये घेतलं आणि त्यांना १९९१ चं टर्नर पारितोषिक हे ब्रिटनमधलं नामवंत कला-पारितोषिक मिळालं. कोरड्या रंगपुडीचा त्यांचा वापर बघा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे (व्ही अँड ए) तर अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या त्या प्रतिकृती आहेत, ज्या जॉन ग्रिफिथ्स आणि बॉम्बे स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात लेण्यांत जाऊन केल्या. लंडनमधल्या आगीत त्यातल्या बऱ्याच नष्ट झाल्या. उरलेल्या म्युझियमच्या ऑनलाइन संग्रहात पाहता येतात. वस्त्रांच्या पारदर्शकतेसाठी, हातांच्या मुद्रांसाठी, आणि नक्कल करता करता विद्यार्थी काय शिकतो या प्रश्नासाठीही त्यांचा अभ्यास करता येईल.

म्युझियमला जाताना दोन गोष्टी करा. हवं ते चित्र सध्या टांगलेलं आहे का, हे आधी वेबसाइटवर बघा, कारण संग्रहातलं बरंचसं गोदामात असतं. आणि अभ्यासिकांची माहिती काढा. ब्रिटिश म्युझियम आणि टेट ब्रिटन दोन्हीकडे छापचित्रं आणि रेखाटनं दाखवणाऱ्या खोल्या आहेत, वेळ आधी ठरवून सामान्य माणसालाही तिथे जाता येतं. २०२५ च्या मे अखेरीस पूर्व लंडनमध्ये उघडलेल्या व्ही अँड ए ईस्ट स्टोअरहाउसमध्ये संग्रहातल्या वस्तू आगाऊ मागवून जवळून पाहता येतात. काचेविना, पुनर्मुद्रणाविना, कागदाच्या पोतासकट एखादं रेखाटन पाहिल्यावर तुमच्या नोंदीच बदलतात. यातल्या कशालाही पैसे पडत नाहीत. लंडनबाहेर राहणाऱ्यांनी मँचेस्टरची व्हिटवर्थ, केंब्रिजचं फिट्झविल्यम, ऑक्सफर्डचं ॲशमोलियन, बर्मिंगहॅमचं म्युझियम अँड आर्ट गॅलरी यांकडे बघावं.

नक्कल करायची असेल तर पूर्ण चित्राची करू नका. हाताएवढा एक तुकडा निवडा, त्याच पद्धतीने करून बघा, आणि लगेच तीच पद्धत आपल्या विषयावर लावा. ही शेवटची पायरी गाळली की सगळा अभ्यास सुटा पडतो.

लेखी भाग

पर्सनल इन्व्हेस्टिगेशनला जोडून सलग लेखन द्यावं लागतं. एक्यूएची मर्यादा १००० ते ३००० शब्द आहे. पिअर्सनमध्ये किमान १००० शब्द आणि त्या लेखनाला पूर्ण ए-लेव्हलचे १२ टक्के. विज्ञान शाखेची मुलं याला घाबरतात आणि शेवटी ठेवतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत पहिला मसुदा करा.

शीर्षक प्रश्नाच्या रूपात घ्या. ‘कापडाच्या चित्रणाचा इतिहास’ यापेक्षा ‘माणूस चित्रात नसताना कापड त्याची जाणीव कशी देतं?’ हे लिहायला सोपं, कारण प्रत्येक परिच्छेदाला उत्तर द्यायला काहीतरी आहे. दोन किंवा तीन कलाकृती पुरेत. प्रत्येकीसमोर तुम्ही स्वतः काय पाहिलं त्यापासून सुरुवात करा, मग वाचलेलं आणा, मग आपल्या कामाशी जोडा. घेतलेल्या प्रत्येक गोष्टीचा स्रोत लिहा. एआयने लिहून घेतलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणं हा परीक्षेतला गैरप्रकार धरला जातो, आणि इथल्या शिक्षकाला तुमची वर्षभराची वाक्यरचना ठाऊक असते.

१ फेब्रुवारी आणि पुढचे पंधरा तास

दुसऱ्या घटकाचं, म्हणजे मंडळाच्या सूत्रावरचं, काम दुसऱ्या वर्षी १ फेब्रुवारीपासून सुरू करता येतं. एक्यूए फाइन आर्टसाठी पाच प्रारंभबिंदू देतं, त्यातला एक घ्यायचा. पिअर्सन एकच व्यापक सूत्र देतं. कागद हातात आल्यावर पहिल्या दिवशी निर्णय घेऊ नका. प्रत्येक पर्यायावर एक पान रेखाटनं करा, आणि ज्या पानावर हात थांबला नाही तो पर्याय निवडा. पहिल्या घटकातलं आपलं बलस्थान इथे न्यायला काहीच हरकत नाही. मोनोप्रिंट जमला असेल तर मोनोप्रिंटच करा. नवं तंत्र शिकायची ही वेळ नव्हे.

तयारीला सुट्ट्या धरून दोन-अडीच महिने मिळतात आणि याच काळात इतर विषयांच्या सराव परीक्षा येतात. म्हणून फेब्रुवारीत निरीक्षण आणि कलाकार, मार्चमध्ये माध्यमांच्या चाचण्या, ईस्टरच्या आधी अंतिम कामाची लहान आकारातली पूर्ण तालीम, असा क्रम धरा. तालीम खरोखर करा. घड्याळ लावून, त्याच कागदावर, त्याच रंगांनी. कुठला थर वाळायला किती वेळ लागतो हे त्यातूनच कळतं.

मग एप्रिल-मेमध्ये देखरेखीखालचे पंधरा तास, बहुतेक कॉलेजांत पाच-पाच तासांचे तीन दिवस. तयारीचं सगळं काम सोबत नेता येतं, पण पहिला तास सुरू झाला की त्यात भर घालता येत नाही. शिक्षक तांत्रिक आणि सुरक्षेची मदत करू शकतात, काय करावं हे सांगू शकत नाहीत. ऑइलमध्ये काम करणाऱ्यांनी पहिल्या दिवशी पातळ थर द्यावा म्हणजे पुढच्या सत्रापर्यंत तो हाताला लागणार नाही. आकार मोजून घ्या: पंधरा तासांत नीट पूर्ण झालेलं ए-२ चित्र, अर्धवट राहिलेल्या दीड मीटरच्या कॅनव्हासपेक्षा नेहमी जास्त गुण मिळवतं. शेवटचे ४५ मिनिटं नवीन काही सुरू करू नका. मागे जाऊन उभे राहा, कडा बघा, स्वच्छ करा.

मांडणी आणि त्यानंतर

मे महिन्यात शिक्षक गुण देतात, जूनच्या आसपास मॉडरेटर येतो आणि बहुतेक कॉलेजं त्याच भिंतींवर प्रदर्शन भरवतात. मांडताना कमी लावा. अंतिम कामाकडे नेणारे पाच-सहा अभ्यास, क्रमाने, एका रेषेत; बाकी सगळं स्केचबुकात, पानांवर क्रमांक घालून.

पुढचं शिक्षण फाइन आर्टमध्येच घ्यायचं ठरलं, तर इंग्लंडमधला रूढ मार्ग म्हणजे एक वर्षाचा फाउंडेशन डिप्लोमा आणि मग पदवी. सुरू करताना वय १९ पेक्षा कमी असेल तर सरकारी अनुदान असलेल्या कॉलेजांत फाउंडेशनला सहसा फी पडत नाही. अर्ज बऱ्याच ठिकाणी थेट कॉलेजकडे करायचा असतो आणि जागा वसंतातच भरू लागतात, तेव्हा ऑगस्टच्या निकालाची वाट पाहू नका. थेट पदवीला जाणाऱ्यांचा यूकॅस अर्ज जानेवारीत जातो. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या रस्किन स्कूल ऑफ आर्टसाठी मात्र १५ ऑक्टोबर ही तारीख आहे, म्हणजे पर्सनल इन्व्हेस्टिगेशन अर्ध्यावर असतानाच पोर्टफोलिओ तयार हवा. त्यासाठी पहिल्या वर्षाच्या उन्हाळ्यात एक दिवस काढून आतापर्यंतच्या कामाचे दिवसाच्या सपाट उजेडात, सावली न पडू देता फोटो घ्या. अंतिम चित्रांइतकीच स्केचबुकाची उघडी पानंही त्यात असू द्या. पोर्टफोलिओ बघणारे तीच आधी उघडतात.

मूळ काम कॉलेज निकालानंतर, गुणांविषयीच्या तक्रारींची मुदत संपेपर्यंत ठेवून घेतं. ती तारीख विचारून ठेवा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जाऊन सगळं घेऊन या. स्टुडिओत नव्या वर्षाच्या मुलांना जागा लागते, आणि न नेलेलं काम फार दिवस कुणी सांभाळत नाही.